प्लेग, इन्फ्लुएंझा आणि गिरणीकामगाराचे घर

प्लेगची साथ आपल्या पाठ्यपुस्तकात येते ती रँडच्या खुनाच्या निमित्ताने. २२ जून १८९७, गणेशखिंड, चापेकर बंधू एवढे मुलांना पाठ असते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या वाट्याला तर तेवढीही जागा येत नाही. पहिले महायुद्ध संपले आणि रौलट कायदा आला, या दोन ओळींच्या मध्ये कुठेतरी हिंदुस्थानात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसे मरून गेली, हे पुष्कळ पदवीधरांनाही ठाऊक नसते. विज्ञानाच्या तासाला जंतू, पिसू आणि लस येतात, इतिहासाच्या तासाला खून आणि खटला येतो. या दोन तासांच्या मध्ये एक साधा प्रश्न पडून राहतो. साथ आली तेव्हा घरात काय झाले? कमावणारा कामावर गेला की गावी पळाला? मुलांना कोणी सांभाळले? चूल कोणी पेटवली?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण एकच घर घेऊ, मुंबईच्या गिरणीकामगाराचे. ते घेण्याचे कारण सोयीचे आहे. गिरण्या, नगरपालिका आणि जनगणना या तिघांचेही कागद या घराच्या आसपास फिरतात, त्यामुळे त्याच्याबद्दल थोडेफार निश्चित सांगता येते. दुसरे असे, की बावीस वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन साथींनी याच घराला दोन अगदी वेगळ्या ठिकाणी फोडले.

घर दोन ठिकाणी

गिरणीकामगाराचे घर एका जागी नव्हते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. गिरण्यांतले बरेचसे पुरुष रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरून, म्हणजे सातारा, पुणे, नगरकडून आलेले. त्यांतल्या अनेकांचे आईवडील, बायको आणि मुले गावी असत. पुरुष मुंबईत गाववाल्यांच्या गाळ्यात आठ-दहा जणांबरोबर राही, खानावळीत जेवी आणि पैसे गावी पाठवी. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या, तर रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की एका कुटुंबाचे दोन तुकडे डोळ्यांसमोर उभे राहतात. भूगोलाच्या शिक्षकांनी हे आकडे स्थलांतराच्या धड्यात जरूर वापरावेत.

ज्यांनी बिऱ्हाड मुंबईत आणले होते त्यांचीही स्थिती फार वेगळी नव्हती. शहरातली निम्म्याहून अधिक माणसे एका खोलीत राहत. गिरणीतल्या कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. सूत गुंडाळण्याच्या खात्यात त्या काम करीत आणि त्यांच्यावर नाईकीण असे. मुलेही कामाला जात. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवण्यास बंदी केली आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सात तासांची मर्यादा घातली. म्हणजे नऊ वर्षांचे मूल सात तास राबले तर ते कायदेशीर होते.

अशा घरात बाहेरचे काम आणि घरचे काम यांचा मेळ आधीच दोरीवरच्या कसरतीसारखा होता. कोणी एक जण पडला की सगळेच कोलमडायचे. साथीने ती दोरी हलवली.

प्लेग : पळायचे तर पगाराचे काय?

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे रोगी असल्याचे जाहीर केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती, त्यामुळे उंदरांची चंगळ. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिनने शोधला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोचतो हे १८९६ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरची पिसू हा दुवा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवला. त्याच्यावर लगेच कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९०५ नंतरच्या प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी तो पक्का झाला. मधली दहा वर्षे सरकारचा रोख घाणीवर, घरांवर आणि माणसांवर होता. या एका अज्ञानाची किंमत कुटुंबांनी कशी मोजली ते पुढे येईलच.

पहिल्यांदा घडली ती पळापळ. १८९१ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आत-बाहेर होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत तिच्यातली जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली. काही बोटीने कोकणात गेली, काही आगगाडीने घाटावर. ज्यांचे घर दोन ठिकाणी होते त्यांना हे जमले. जे घर एरवी अडचणीचे वाटे, तेच संकटात आसरा झाले.

पण पळायचे कसे? गिरणीत पगार महिन्याचा, आणि तोही महिना संपल्यावर कितीतरी दिवसांनी हातात पडे. म्हणजे कामगाराचे महिन्या-दीड महिन्याचे कष्ट कायम मालकाकडे अडकलेले. मधल्या काळात घर चाले ते वाण्याच्या उधारीवर. सुखाच्या दिवसांत ही पद्धत मालकाला फार सोयीची, कारण पगार अडकला की माणूसही अडकतो. प्लेगने तिचे गणित उलटे केले. आज शेजारच्या खोलीत उंदीर पडला, उद्या मला बायकामुलांना घेऊन निघायचे आहे, किंवा उद्या मीच नसेन, तर पुढच्या महिन्यातला पगार काय कामाचा? कामगारांनी रोजच्या रोज मजुरी मागायला सुरुवात केली आणि १८९७ च्या सुरुवातीला मालकांना ती द्यावी लागली. रस्त्याच्या कोपऱ्यावर जमलेल्या माणसांना निरनिराळ्या गिरण्यांची माणसे चढा दर सांगून आपल्याकडे ओढू लागली. मजुरांचा हा उघड लिलाव गिरणीमालकांच्या संघटनेला आवरता आवरेना.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला मजुरांची टंचाई म्हणतील. मला त्यात बापाचे मन दिसते. त्याला संप करायचा नव्हता, तो कोणत्या संघटनेचा सभासदही नव्हता. संकटात मुलांना घेऊन निघण्यासाठी खिशात रोकड असावी एवढीच त्याची मागणी होती. ती साथीच्या जोरावर काही महिने मान्य झाली आणि माणसे परत येऊ लागताच पुन्हा महिन्याचा पगार सुरू झाला. पुढच्या हिवाळ्यात प्लेग परत आला, आणि त्यानंतरही कित्येक हिवाळे तो येत राहिला. उन्हाळा तापला की पिसवा कमी होतात आणि साथ ओसरते. त्यामुळे दर वर्षी पळणे आणि परतणे यांचा एक ऋतूच तयार झाला.

‘आमच्या माणसाला नेऊ नका’

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. (हाच कायदा २०२० च्या मार्चमध्ये पुन्हा बाहेर काढला गेला, हे वाचकांना आठवत असेल.) त्याच्या आधारे अधिकाऱ्यांना घरात शिरून रोगी शोधण्याचा, त्याला इस्पितळात हलवण्याचा आणि घरातल्या बाकीच्या माणसांना वेगळ्या छावणीत ठेवण्याचा अधिकार मिळाला. आगगाडीच्या स्थानकांवर, विशेषतः कल्याणसारख्या ठिकाणी, प्रवाशांना उतरवून तपासत. प्लेगची गाठ जांघेत, काखेत किंवा मानेवर येते, त्यामुळे तपासणी म्हणजे काय ते सांगायला नको. पुण्यात तर हे काम गोऱ्या शिपायांकडे दिले गेले. पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्येच वृत्तपत्राला पत्र लिहून पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांच्या सुरक्षिततेची काय अवस्था आहे याची जाहीर तक्रार केली होती.

आपण हा विरोध सहसा धर्माच्या आणि अब्रूच्या भाषेत सांगतो. तो भाग होताच. पण घराच्या बाजूने पाहिले तर भीती अधिक साधी होती. एकाला प्लेग झाला की रोगी एकीकडे, त्याचे कुटुंब दुसरीकडे, सामानसुमान जाळलेले किंवा धुरी देऊन नासलेले, आणि कामाचा खाडा वेगळाच. नेलेले माणूस बहुधा परत येत नसे, कारण रोगच तसा होता. पण घरच्यांना एवढेच दिसे, की माणूस इस्पितळात गेले आणि मेले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, चालून गेले. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत दंगल पेटली ती एका लहान मुलीला न्यायला आलेल्या पथकावरून. घरच्यांनी मुलगी द्यायला नकार दिला, वस्ती जमली आणि पाहता पाहता गोळीबारापर्यंत प्रकरण गेले. पाठोपाठ गोदीकामगार आणि गाडीवान यांनी काम बंद केले. मुंबईतले सगळे दळणवळण एका घराच्या उंबरठ्यावरच्या भांडणाने थांबले. यानंतर सरकारी सक्ती सैल होत गेली आणि निरनिराळ्या समाजांनी स्वतःची प्लेग-इस्पितळे चालवण्यास मोकळीक मिळाली. तिथे घरचे माणूस रोग्याजवळ बसू शके.

आता विज्ञानाचा मुद्दा. गाठीचा प्लेग एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे सहसा जात नाही (फुप्फुसाचा प्लेग जातो, तो वेगळा). तो उंदीर मेल्यावर त्याला सोडून निघालेल्या उपाशी पिसवांमुळे माणसाला होतो. म्हणजे धोका आजारी मुलीपासून नव्हता, खोलीपासून होता. मुलीला आईपासून तोडून फारसे काही साधत नव्हते. साधले असते ते सगळ्या घराने मिळून खोली सोडल्याने.

आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांनी नेमके तेच केले. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि माळावर, शेतात झोपड्या घालून राहायचे, ही रीत महाराष्ट्रभर पसरली. सारे बिऱ्हाड म्हातारीकोतारी आणि गुरांसकट बाहेर. सरकारनेही पुढे या पद्धतीला उत्तेजन दिले, कारण आकड्यांत तिचा गुण दिसत होता. शिकलेल्या साहेबाचा उपाय कुटुंब फोडणारा होता आणि अडाणी म्हणवल्या गेलेल्या शेतकऱ्याचा उपाय कुटुंब एकत्र ठेवणारा होता. रोगाच्या खऱ्या मार्गाशी दुसराच जुळत होता. पिसूचा शोध लागण्याआधी हे शेतकऱ्यांना कसे कळले? निरीक्षणाने. आधी उंदीर मरतो, मग माणूस, हा क्रम त्यांनी पाहिला होता. वर्गात ‘निरीक्षण आणि अनुमान’ शिकवताना याहून चांगले उदाहरण शोधायची गरज नाही.

पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. तिथे रोग्याला आणण्याचे कामही सावित्रीबाई स्वतः करीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला आणल्यानंतर त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्या वारल्या. शुश्रूषा करणाऱ्यालाच रोगाने गाठावे, हे पुढच्या साथीत घरोघर घडायचे होते.

इन्फ्लुएंझा : पळायला जागा नाही

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. महिनाअखेरीस गोदी, कचेऱ्या आणि गिरण्या यांतली हजेरी घसरली होती. ही पहिली लाट सौम्य होती. लोक तीन-चार दिवस झोपून उठले आणि विसरले. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली ती मात्र मारक होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले.

प्लेगच्या वेळी गाव हा आसरा होता. या वेळी तो नव्हता. इन्फ्लुएंझाचा विषाणू श्वासातून पसरतो. तो उंदरासारखा मागे राहत नाही, तर पळणाऱ्याबरोबर आगगाडीत बसतो. शिवाय १९१८ चा पावसाळा फसला होता आणि महायुद्धामुळे धान्य महाग झाले होते. गावचे लोकच पोट भरायला मुंबईकडे येत होते. दोन ठिकाणच्या घराची दोन्ही दारे एकाच वेळी बंद झाली.

रोगाची निवडही विचित्र होती. साधा फ्लू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना मारतो. या साथीत वीस ते चाळीस या वयाची माणसे मोठ्या संख्येने मेली. असे का झाले याबद्दल दोन विचार मांडले जातात. वडीलधाऱ्यांना लहानपणी अशाच एखाद्या विषाणूची ओळख झाली असावी हा एक, आणि तरुण शरीराचा प्रतिकारच बेसुमार होऊन फुप्फुसांवर उलटला हा दुसरा. कारण काहीही असो, वीस ते चाळीस म्हणजे आईबापांचे वय. कमावणारी आणि सांभाळणारी पिढी नेमकी मधून उचलली गेली.

त्यातही हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका अधिक मेल्या. याचे उत्तर मला घरकामाच्या वाटणीत दिसते. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. माणसाचा इन्फ्लुएंझा-विषाणू प्रयोगशाळेत वेगळा केला गेला तो १९३३ मध्ये. १९१८ चे डॉक्टर एका भलत्याच जिवाणूवर संशय धरून बसले होते. उपयोगी पडे ती फक्त शुश्रूषा. विश्रांती, पाणी, पेज, ऊब. आता एका खोलीतले घर डोळ्यांपुढे आणा. नवरा पडला, दोन मुले पडली. पाणी खालच्या सार्वजनिक नळावरून आणायचे, जळण महाग, पेज शिजवायची, ओकारी काढायची, रात्री जागायचे. हे सगळे जी करते तिला तापातही झोपून राहता येत नाही. ज्या रोगात विश्रांती हाच उपचार, त्यात विश्रांती न मिळणारे माणूस घरातले सगळ्यात दुबळे माणूस ठरते. महागाईच्या दिवसांत सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी जेवणारीही तीच. ती गरोदर असेल तर धोका आणखी वाढे. ती पडली, की तोवर वाचलेलेही पाण्यावाचून जात.

हे सगळ्या घरांत सारखे घडले नाही. मुंबई शहरातले समाजवार आकडे उपलब्ध आहेत. इन्फ्लुएंझाने दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, ‘इतर हिंदूं’त १८.९, आणि सरकारी कागदात ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हणून नोंदलेल्यांत ६१.६. विषाणू जात ओळखत नाही. तो खोलीतली माणसे, नळाचे अंतर आणि घरात आजाऱ्याजवळ बसायला रिकामे कोणी आहे की नाही, एवढेच ओळखतो. साहेबाच्या बंगल्यात नोकर होते आणि प्रत्येकाला खोली होती. झाडूवाल्याच्या घरात दोन्ही नव्हते, आणि कामाला न गेल्यास त्या दिवसाची मजुरीही नव्हती.

शहरात सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे आणि निरनिराळ्या ज्ञातींचे स्वयंसेवक औषध आणि दूध घेऊन चाळीतून हिंडले. त्यांच्या बाटलीत रोग बरा करणारे काही नव्हते. पण दूध घेऊन येणारा माणूस जिना चढून येतो, पाणी देतो, दार उघडतो. जे घर स्वतःची शुश्रूषा करू शकत नव्हते तिथे तो बाहेरून आलेला हात होता.

मोठ्या घरांनाही ही साथ चुकली नाही. गांधीजींचे थोरले चिरंजीव हरिलाल यांच्या पत्नी गुलाब १९१८ च्या या साथीत गेल्या. त्यांची मुले साबरमतीला आजी कस्तुरबांकडे वाढली. हिंदी कवी निराला यांनी याच साथीत पत्नी गमावली, घरातली आणखीही माणसे गमावली आणि विशीतच स्वतःची नि भावंडांची पोरे सांभाळण्याची पाळी त्यांच्यावर आली. आजी, चुलता, मामा. मधली पिढी गेल्यावर मुले अशीच वरच्या किंवा बाजूच्या नात्याकडे सरकली. जनगणनेच्या तक्त्यात विधवा आणि विधुर मोजलेले सापडतात, पोरक्या मुलांचा रकाना सापडत नाही.

ऑक्टोबरमध्ये नऊ मिळवा

पोरकी मुले मोजली गेली नाहीत, पण न जन्मलेली मुले मात्र आकड्यांत दिसतात. मुंबई इलाख्यात १९१९ मध्ये जन्मांची संख्या एकदम खाली आली. ऑक्टोबर १९१८ मध्ये नऊ महिने मिळवले की आपण जुलै १९१९ ला पोचतो. आयांचे मृत्यू, गर्भपात, विधवा झालेल्या तरुण स्त्रिया, तापाने आणि उपासमारीने खंगलेली जोडपी, सगळ्यांची बेरीज त्या एका खळग्यात आहे. १९११ ते १९२१ या दशकात आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या वाढण्याऐवजी ०.३१ टक्क्यांनी घटली. १९०१ पासूनच्या जनगणनांत असे दुसरे दशक नाही.

शेतातही हा खळगा दिसला. साथ शिखरावर होती ते दिवस खरिपाच्या काढणीचे आणि रब्बीच्या पेरणीचे. या घटनेचा पुढे एका वेगळ्याच वादात उपयोग झाला. भारतीय शेतीत माणसे जरुरीपेक्षा जास्त आहेत, काही काढून घेतली तरी उत्पादन घटणार नाही, असे १९५०-६० च्या दशकांत अनेक अर्थशास्त्रज्ञ मानत. अमेरिकेतल्या थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात म्हटले, की याची परीक्षा १९१८ ने आधीच घेतली आहे. माणसे मेली आणि १९१६-१७ च्या तुलनेत १९१९-२० मध्ये पेरलेली जमीन पावणेचार टक्क्यांच्या आसपास घटली. म्हणजे कोणीच फालतू नव्हते. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये या परीक्षेवर हरकत घेतली. त्यांच्या मुद्द्यांपैकी एक आपल्या विषयाच्या गाभ्याला हात घालतो. एका घरातून एक भाऊ शहरात गेला तर उरलेले त्याचे काम वाटून घेतात. साथ मात्र प्रत्येक घरातून शिस्तीने एकेक माणूस उचलत नाही. एक घर पुरते बसते, शेजारचे सुटते. बसलेल्या घराची जमीन पडीक राहते, कारण शेती ‘मजूर’ करीत नाहीत, कुटुंब करते. वाद त्या पुढेही चालला. त्याच्या खोलात इथे जायला नको.

मुंबईत ९ जानेवारी १९१९ रोजी गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला आणि लाखाहून अधिक कामगार त्यात उतरले. कारण महागाईचे होते. पण तीनच महिन्यांपूर्वी याच घरांतून तिरड्या निघाल्या होत्या, खाडे पडले होते, वाण्याची उधारी चढली होती, हे संपाच्या हकिकतीत सहसा सांगितले जात नाही. १८९७ मध्ये बापाने एकट्याने कोपऱ्यावर उभे राहून रोजची मजुरी मागितली होती. १९१९ मध्ये तो सगळ्यांबरोबर गिरणीच्या दाराबाहेर बसला होता.

२०२० ची साथ आपण सर्वांनी पाहिली, त्यामुळे तिच्याबद्दल थोडक्यात. त्या मार्चअखेर देश बंद झाला तेव्हा मुंबईतली माणसे पुन्हा गावच्या घराकडे निघाली. पहिली श्रमिक रेल्वे १ मे २०२० ला सुटेपर्यंत कित्येक जण बायकापोरांसह चालत गेले. कोविडने १९१८ च्या उलट वयस्कांना अधिक गाठले. म्हणजे त्या वेळी नातवंडांना सांभाळणारी पिढीच या वेळी धोक्यात होती, आणि शाळा बंद असल्याने मुले दिवसभर घरात होती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तरुण आईबापही गेले. त्या वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र शासनाने कोविडने दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी अशा मुलांची जिल्हावार मोजणी करावी लागली.

१९१८ ची मोजणी करणे अजूनही काही प्रमाणात शक्य आहे, आणि ते काम शाळेच्या आवाक्यातले आहे. गावचे जन्म-मृत्यूचे जुने रजिस्टर, म्हणजे कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४, तहसील कचेरीच्या अभिलेख-कक्षात असते. ते बहुधा मोडीत असते, तेव्हा मोडी वाचणारे कोणी सोबत घ्यावे. त्यात ‘इन्फ्लुएंझा’ हा शब्द शोधू नये. कोतवालाला तो माहीत नव्हता आणि बहुतेक मृत्यू नुसत्या ‘ताप’ या कारणाखाली नोंदले गेले. म्हणून आधीच्या चार-पाच वर्षांच्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांतल्या मृत्यूंची सरासरी काढावी आणि १९१८ च्या त्याच महिन्यांतून ती वजा करावी. सरकारी अंदाजही मुळात याच रीतीने काढले गेले. मग वयाचा रकाना पाहावा आणि वीस ते चाळीसमधल्या स्त्रिया व पुरुष वेगळे मोजावेत.

शाळा शंभर वर्षांहून जुनी असेल तर दुसरा कागद तुमच्याच कपाटात आहे. जनरल रजिस्टरमध्ये १९१८ च्या दिवाळीनंतर ज्यांची नावे कमी झाली त्यांचे शाळा सोडल्याचे कारण वाचावे. १९१९ आणि १९२० मध्ये नवीन दाखल झालेल्या मुलांच्या पालकाच्या रकान्यात बापाऐवजी चुलता, मामा किंवा आजा किती वेळा लिहिला आहे, तेही मोजावे. आणि १९१९ साली जन्मलेली मुले पहिलीत आली ती १९२५ च्या सुमारास. त्या वर्षीचा पट आधीच्या आणि नंतरच्या वर्षांच्या पटाशेजारी मांडून पाहावा.